गाणारी भिंत

डिसेंबर 1972. निमगाव केतकीच्या माळावर, दुष्काळी कामावर, तुम्ही खडी फोडताय. विहिरींनी तळ गाठलाय, पानमळ्यातले वेल उभ्या जागी वाळलेत आणि फडक्यात मिलोची भाकरी आहे. मुकादम हजेरी घ्यायला आला की सगळे ओळीत उभे राहतात. तुम्हीही राहता.

कान मात्र तुमचे उपाशी नाहीत. आषाढात तुकोबांची पालखी तुमच्याच गावी मुक्कामाला असते, तेव्हा रात्रभर भजन आणि भारूड ऐकलेलं आहे. सप्ताहातलं कीर्तन ऐकलंय. जत्रेच्या कनातीत बसून गण, गवळण आणि वग पाहिलाय. टाळ कुठे द्रुत होणार, ढोलकी कुठे थांबून पुन्हा उसळणार, हे तुमच्या अंगाला ठाऊक आहे. पुण्यात आज एका नाटकात तुम्हाला हेच सूर भेटणार आहेत आणि त्यांचीच तुम्हाला भीती वाटणार आहे.

एसटीने बारामती. तिथून 1914 पासून धावणारी, अरुंद रुळांची छोटी गाडी दौंडपर्यंत. दौंडला तिशीतला एक डॉक्टर लहान मुलांना तपासतो आणि नाटकं बसवतो. जब्बार पटेल त्याचं नाव. तुमच्या शेजारच्याच तालुक्यातला हा डॉक्टर, म्हणून पुण्यातल्या त्या नाट्यगृहात शिरताना फार परकं वाटून घेऊ नका.

सदाशिव पेठ, भरत नाट्य मंदिर, 16 डिसेंबर. विजय तेंडुलकरांच्या, त्याच डॉक्टरने बसवलेल्या ‘घाशीराम कोतवाल’चा पहिला प्रयोग. धोतर नेसलेले ब्राह्मण ओळीने उभे आहेत, डोलताहेत, गणपतीला आळवताहेत. तुम्ही लगेच सैलावता, कारण गण तुमच्या ओळखीचा आहे. मग ती ओळ पाठ फिरवते आणि समोर भिंत उभी राहते, माणसांची. भिंतीआड काहीतरी चाललंय. ओळ पुन्हा वळते तेव्हा ती पुण्याची पेठ झालेली असते, थोड्या वेळाने नाना फडणविसांचा दरबार, मग बावनखणीत लावणीला बसलेले शौकीन. कोकणातल्या खेळ्यांतून घेतलेली ही युक्ती आहे आणि मला ती मराठी रंगभूमीवरची सगळ्यात क्रूर युक्ती वाटते.

आता त्या पाठींच्या फटीतून पलीकडे शिरा.

श्रावण, 1791. पुण्यात दक्षिणेसाठी दूरदूरचे ब्राह्मण आलेत. शहरावर कोतवाल आहे घाशीराम सावळदास, उत्तरेकडून आलेला. 1777 पासून चौक्या, पहारे, रात्रीची जाग सगळी त्याच्या हातात. 29 ऑगस्टच्या रात्री त्याच्या माणसांनी तेलंगी ब्राह्मणांना धरून एका कोंदट खोलीत कोंडलं. दार उघडलं तेव्हा वीसहून अधिक जण गुदमरून मेलेले. तुम्ही त्या दाराशी उभे आहात. आतून येणाऱ्या वासाला कसलीही लय नाही. बायका नाहीत की गळा काढतील, आईबाप शेकडो कोस लांब. लोक नानांच्या वाड्यावर चालून जातात. दोन दिवसांनी, 31 तारखेला, घाशीरामाची शहरातून धिंड काढून त्याला बाहेर नेतात आणि जमाव त्याला दगडांनी ठेचून मारतो. इथे कुणीही गात नाही. पहिला दगड बसताच तुम्ही मान फिरवता.

परत या, आपल्या खुर्चीत. इथे मान फिरवता येत नाही. संगीतकार भास्कर चंदावरकरांनी तुमच्या कानाला दोरी बांधली आहे. कीर्तनाची चाल चालू असते, तिच्यातच लावणी मिसळते आणि तुम्ही दोन्हींना सारखीच मान डोलावता. मोहन आगाशांचे नाना कृष्णदेव मुळगुंदांनी बसवलेल्या तालात पावलं टाकत ललितागौरीच्या मागे लागतात. तिचा बाप असलेला घाशीराम, म्हणजे रमेश टिळेकर, त्या पोरीच्या बदल्यात कोतवाली मागून घेतो. चोरीचा आळ आलेल्याच्या हातावर तापलेला लोखंडी गोळा ठेवायचं दिव्य होतं. देवाचं नाव घेणारी ओळ तिथेच उभी असते, सगळं पाहून झालेली, आणि पुन्हा डोलायला मोकळी.

भयकथेला चाल लावली की ती गोड होते, अशी शंका तुम्ही मनात घेऊन आला असाल. मला उलटंच वाटतं. गद्यात हे सगळं झालं असतं तर तुम्ही न्यायाधीश होऊन बसला असता. ताल धरलेला माणूस न्यायाधीश राहत नाही. त्याला पुढची मात्रा हवी असते, मग त्या मात्रेवर काहीही पडो. सात वर्षांनी, 1979 साली, न्यूयॉर्कच्या ब्रॉडवेवर स्टीफन सोंडहाइम गळे चिरणाऱ्या लंडनच्या न्हाव्याची गोष्ट संगीतात आणेल आणि तिथले प्रेक्षक असेच अडकतील. पण सोंडहाइमला स्वर नव्याने रचावे लागले. तेंडुलकर आणि चंदावरकरांनी तुमचेच घेतले, लहानपणापासून पवित्र मानलेले.

मध्यांतरात कुजबुज ऐका. कुणाला नानांची बदनामी वाटतेय, कुणाला ब्राह्मणांची. ही कुजबुज वाढत जाईल. एकोणीस प्रयोगांनंतर ते करणारी संस्था, प्रोग्रेसिव्ह ड्रॅमॅटिक असोसिएशन, हे नाटक थांबवेल. कलाकार संस्था सोडतील, मार्च 1973 मध्ये थिएटर अकॅडमी उभी करतील आणि जानेवारी 1974 पासून पुन्हा रंगमंचावर येतील. 1980 मध्ये नाटक बर्लिनला निघालं की वाद पुन्हा पेटेल. हा इतिहास नव्हे, असं तेंडुलकर सांगत राहिले. सत्ता आपल्या सोयीसाठी घाशीराम कसे घडवते आणि सोय संपली की कसे मोडते, हे त्यांना मांडायचं होतं. त्या सांगण्यावर माझा विश्वास आहे. तरी ज्यांना राग आला त्यांचे कान खोटे होते असं मी म्हणणार नाही. त्यांना आपलाच स्वर त्या ओळीतून ऐकू आला होता.

शेवट आला. घाशीराम एकटा उभा आहे, एक हात पाठीशी बांधलेला. दगड मारणारा जमाव विंगेत, म्हणजे जवळजवळ तुमच्याच बाजूला. वाद्यांच्या ठोक्यांवर तो कोसळतो, उठतो, नाचल्यासारखा फिरतो, पुन्हा कोसळतो. नाना येतात, पुण्यावरचं संकट टळलं म्हणून उत्सव जाहीर करतात. ओळ पुढे सरकते आणि गाणं सुरू होतं. तुम्हाला ते आता पाठ झालंय, आणि शेजारचा माणूस हाताने ताल धरतोय.