गेंड्याची कातडी आणि पेन्सिल

वडनेरच्या या सभेत आपण एक साधा प्रश्न घेऊ. ज्या वस्तूला हात लावला नाही, तिचा खडबडीतपणा डोळ्याला कळतो कसा? बर्कलीने १७०९ मध्ये याचं उत्तर दिलं: दृष्टी आणि स्पर्श मुळात वेगळे, त्यांची सांगड अनुभवाने पडते. चित्रकलेच्या इतिहासात याचा पुरावा दोन गेंड्यांनी दिला आहे.

१५१५ मध्ये गुजरातच्या सुलतानाने दिलेला गेंडा गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. जर्मन चित्रकार ड्यूररने तो पाहिलाच नाही. वर्णन आणि एक कच्चं रेखाटन, एवढ्यावर त्याने प्रसिद्ध ठसाचित्र केलं. अंगावर चिलखताचे पत्रे, पायांवर खवले, पाठीवर एक जादा शिंगसुद्धा! रेषा इतकी सफाईदार, की युरोपने हाच गेंडा दोनशेहून अधिक वर्षं खरा मानला.

दुसरा गेंडा पुण्याचा, पेशव्यांच्या शिकारखान्यातला. १७९० मध्ये गंगाराम तांबट यांनी तो प्रत्यक्ष पाहून पेन्सिल आणि जलरंगात काढला. पुढे वेरूळची लेणीही त्यांनी ब्रिटिश रेसिडेंट मॅलेटसाठी रेखाटली. गंगाराम म्हणजे जेम्स वेल्स या स्कॉटिश चित्रकाराचा मदतनीस, अशी ओळख आपण सहज करून देतो. पण वेल्स मुंबईत उतरला १७९१ साली. म्हणजे गेंडा त्याच्या आधीचा! ज्याने आधीच डोळे उघडे ठेवून पाहिलं होतं, त्याला नुसता कुणाचा तरी शिष्य म्हणून मोकळं होणं बरं नव्हे.

आता साधनाकडे येऊ. १७९५ मध्ये फ्रान्सच्या काँतेने ग्रॅफाइटची पूड आणि चिकणमाती मिसळून भाजली. माती जास्त तर शिसं कडक, कमी तर मऊ. आपल्या एच आणि बी पेन्सिली त्यातूनच आल्या. पण पोत काही शिशात नसतो. उजेड तिरपा पडला की प्रत्येक वळीला एक उजळ कड आणि एक सावली मिळते. ती सावली कुठे दाट होते, कुठे विरते, हे पाहून हात हलका-जड करायचा. उजळ जागी कागद कोराच ठेवायचा.

आपल्या शाळांतली मुलं एलिमेंटरी, इंटरमिजिएटला बसतात. त्यांना पुस्तकातलं झाड गिरवायला देऊ नका. अंगणातल्या बाभळीपुढे बसवा. खोडाच्या भेगा आधी बोटाने चाचपू द्या, मग काढू द्या. चित्र कदाचित ओबडधोबड येईल. पण ड्यूररच्या खवल्यांपेक्षा ते खरं असेल.