म्हैसूरची शाई आणि चांदीचे कण

मतदान करून बाहेर पडणाऱ्या नागरिकाच्या डाव्या तर्जनीवर म्हैसूरच्या रसायनोद्योगाची खूण असते. नालवडी कृष्णराज वडियार यांच्या कारकिर्दीत १९३७ साली म्हैसुरात लाख व रंगांचा कारखाना स्थापन झाला. पुढे स्वतंत्र भारतात एकाच व्यक्तीने दोनदा मत देऊ नये, यासाठी न पुसणाऱ्या शाईची निकड भासली. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेने तिचे सूत्र सिद्ध केले आणि १९६२ च्या सार्वत्रिक निवडणुकीपासून म्हैसूरच्या या कारखान्याची शाई मतदारांच्या बोटांना लागू लागली.

शाईतील मुख्य द्रव्य सिल्व्हर नायट्रेट. त्वचेवरील मिठाशी संयोग होऊन त्याचे सिल्व्हर क्लोराइड बनते. ते पाण्यात विरघळत नाही. प्रकाश पडताच त्यातील चांदीचे आयन धातुरूप होतात आणि काळपट डाग उमटतो. जुनी त्वचा झडून नख वाढेपर्यंत तो जात नाही.

आधुनिक नॅनोविज्ञानातील एक प्रमुख रीत मुळात हीच आहे. सिल्व्हर नायट्रेटच्या उकळत्या द्रावणात सोडियम सायट्रेट घातले की चांदीचे अतिसूक्ष्म कण तयार होतात. बोटावर त्यांची वाढ अनिर्बंध होते. येथे सायट्रेट कणांना वेढून त्यांच्या गुठळ्या रोखते. म्हणून ते अब्जांश मीटरांत मोजण्याइतके लहान राहतात आणि पांढरी चांदी द्रावणात पिवळसर दिसते.

शाळेच्या प्रयोगशाळेत सिल्व्हर नायट्रेट तपकिरी बाटलीत ठेवतात, ते प्रकाशाने घडणाऱ्या याच बदलापासून जपण्यासाठी. त्याच बदलावर लोकशाहीने ‘एक व्यक्ती, एक मत’ या तत्त्वाची राखण सोपवली आहे.