कोर्सला नाव लागतं तेव्हा

फौजेत कोर्सला नाव लागणं ही मानाची गोष्ट. बेळगावच्या कमांडो कोर्सला जायचं तर मेडिकल शेप-वन, म्हणजे तब्येत पूर्ण फिट हवी, बीपीईटी ही शारीरिक चाचणी चांगली हवी: पाठीवर सामान, हातात रायफल, ५ किलोमीटर दौड, उभा दोर, ९ फुटांची खाई. दोरावर तळहात सोलवटतात, पण उस्ताद जात विचारत नाही. मी महार रेजिमेंटमधून पेन्शनीवर मंडणगडला आलो, म्हणून मला या न विचारण्याचं मोल जरा जास्त.

आमच्या शेजारची दापोली ही पूर्वीची लष्करी छावणी. मुंबई लष्करातले कितीतरी महार पेन्शनर तिथे स्थायिक झाले. आंबडव्याचे रामजी सकपाळ त्यांतलेच, बाबासाहेब आंबेडकरांचे वडील. फौजेत भरती झालेला हा माणूस पुण्याच्या लष्करी नॉर्मल स्कूलमध्ये, म्हणजे मास्तर घडवणाऱ्या शाळेत, शिकला आणि १४ वर्षं लष्करी शाळेचा हेडमास्तर राहिला. त्या काळचा मोठा कोर्सच तो! फौजेत शिपायांच्या मुलामुलींना शाळा सक्तीची, म्हणून मास्तर लागत.

१८९२च्या सुमारास महारांची भरतीच बंद झाली. सरसेनापती लॉर्ड रॉबर्ट्सच्या काळात ‘लढाऊ जमाती’ उत्तरेकडच्याच, असं ठरून गेलं होतं. भीमा-कोरेगावच्या लढाईच्या स्तंभावर कोरलेली महारांची नावंही कामी आली नाहीत. दौडीत मागे पडलेला गडी पुन्हा तयारी करतो. इथे नापास व्हायचीसुद्धा सोय उरली नाही. पगार, पेन्शन गेलीच, पोरांची शाळाही गेली. दापोलीत राहणारे माजी सैनिक गोपाळ बाबा वलंगकर यांनी १८९४ मध्ये भरती पुन्हा सुरू करा म्हणून विनंतीपत्र लिहिलं.

पहिल्या महायुद्धात माणसं कमी पडली, तेव्हा १९१७ला १११वी महार पलटण उभी राहिली. गरज सरल्यावर १९२१ला मोडली. मग १९४१ साली बाबासाहेब व्हाइसरॉयच्या संरक्षण सल्लागार समितीवर आले, आणि त्याच वर्षी १ ऑक्टोबरला बेळगावात महार रेजिमेंटची पहिली बटालियन उभी राहिली. पाचच वर्षांत, १९४६ला, महार रेजिमेंट मशीनगन रेजिमेंट झाली. व्हिकर्स मशीनगन चालवायची म्हणजे नुसता दम पुरत नाही. अंतर, कोन, वारा यांचा हिशेब डोक्यात हवा. अर्धशतकापूर्वी लढायला नालायक ठरवलेल्यांच्या नातवंडांच्या हाती सरकारने तीच मशीनगन दिली.

गावातली पोरं भरतीसाठी पहाटे दौडतात आणि अटी फार कडक म्हणून कुरकुरतात. मी म्हणतो, कडकच असू देत. त्या तुमच्या पायांना, छातीला आणि डोक्याला लावलेल्या आहेत, आडनावाला नाहीत.