बेस्टचं काय करायचं?

परवा पुतण्याशी माझं चांगलंच वाजलं. कारण काय, तर जॉर्ज बेस्ट! आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवरून भांडण होणं काही नवं नाही. शाहू स्टेडियमवर पेठांच्या तालमींचे सामने असले की घराघरांत दोन पक्ष पडतात. पण पन्नास वर्षांपूर्वीच्या, सातासमुद्रापलीकडच्या खेळाडूवरून भांडणारे आम्हीच असू.

पुतण्याचं म्हणणं सरळ होतं. "काका, जो सरावाला येत नाही त्याला क्लबने कशाला पोसायचं? १९७० सालीच विकून मोकळं व्हायचं."

मला हे पटत नाही. का ते सांगतो.

बेलफास्टचा हा किडकिडीत मुलगा १५ व्या वर्षी, १९६१ साली मँचेस्टर युनायटेडकडे आला आणि दोनच दिवसांत घरच्या आठवणीने परत पळाला. मॅनेजर मॅट बस्बींनी वडिलांशी बोलून त्याला पुन्हा आणवलं. पळणं आणि परत आणणं, त्या दोघांचा खेळ तिथूनच सुरू झाला म्हणायचा. सप्टेंबर १९६३ मध्ये, १७ वर्षांचा असताना तो पहिल्या संघात आला. मार्च १९६६ मध्ये लिस्बनला बेनफिकाला त्यांच्याच मैदानावर ५-१ असं हरवलं, त्यात सुरुवातीच्या १२ मिनिटांतले दोन गोल याचे. १९६८ साली वेम्बलीवर युरोपियन कप जिंकला, तेव्हा जादा वेळेत गोलरक्षकालाही चकवून याने गोल केला. त्याच वर्षी युरोपचा सर्वोत्तम खेळाडू ठरला. वय २२!

इथपर्यंत कोणाचंच भांडण नाही. भांडण पुढचं.

पंचांच्या हातातला चेंडू उडवल्याबद्दल १९७० च्या सुरुवातीला त्याला चार आठवड्यांची बंदी झाली. परतल्यावर ७ फेब्रुवारीला नॉर्थॅम्प्टनविरुद्ध एकट्याने सहा गोल. आता सांगा, असल्या पोराला शिक्षा करून काय कळलं? पुढच्याच जानेवारीत चेल्सीविरुद्धच्या सामन्याला लंडनची गाडी चुकवली. मे १९७२ मध्ये तर स्पेनमध्ये बसून, २६ व्या वाढदिवसाच्या सुमारास, खेळ सोडल्याचं जाहीर केलं आणि काही आठवड्यांत परतलाही.

पण पुतण्या एक गोष्ट विसरतो. दांड्या मारणारा हा माणूस १९७१-७२ च्या हंगामातही क्लबकडून सर्वाधिक गोल करणारा होता. संघ मात्र म्हातारा झाला होता. बस्बी १९६९ मध्ये बाजूला झाले, नंतरचे दोन मॅनेजर टिकले नाहीत. १९७१ च्या अखेरीस पहिल्या क्रमांकावर असलेला संघ हंगामाअखेर आठवा आला. सगळा भार एकावर टाकायचा आणि तो वाकला की त्याच्याच नावाने खडे फोडायचे! दारूचं समर्थन मी करत नाही. तिनेच त्याला २००५ मध्ये, ५९ व्या वर्षी नेलं.

"मग काका, तुम्ही मॅनेजर असता तर?" पुतण्याने विचारलं आणि मी गप्प झालो.

कारण माझ्या वर्गातही एक बेस्ट होता. नाव लिहीत नाही, वाचणाऱ्यांत ओळखणारे आहेत. निबंध असा लिहायचा की मी स्टाफरूममध्ये मोठ्याने वाचून दाखवायचो. आठवड्यातले दोन दिवस मात्र गायब. मी हजेरीत सांभाळून घेतलं, वह्या उशिरा आल्या तरी घेतल्या. बाकीची पोरं बघत होती. एका सहकाऱ्याने सुनावलंही, "सर, तुम्ही त्याला नाही, त्याच्या निबंधांना सांभाळताय." दहावीच्या तिसऱ्या पेपरला तो आलाच नाही. तो घरी काय भोगत होता, हे मी तीन वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. बस्बींनी बेस्टला किती वेळा माफ केलं हे वाचताना मला नेहमी तो मुलगा आठवतो, आणि बस्बींवर मी फार टीका करत नाही.

शेवट तर असा. टॉमी डोकर्टींनी १९७३ च्या शरद ऋतूत बेस्टला पुन्हा घेतलं. १ जानेवारी १९७४ ला क्वीन्स पार्क रेंजर्सकडून ३-० अशी हार झाली. मग त्याने सराव चुकवला. ५ जानेवारीला प्लिमथविरुद्ध घरचा सामना. तो आला होता, पण डोकर्टींनी त्याला उतरवलं नाही. डोकर्टी म्हणायचे, तो प्यायलेला होता. बेस्ट म्हणायचा, साफ खोटं. सामना १-० असा जिंकला. बेस्टने पुढे सांगितलं की, सगळे गेल्यावर तो रिकाम्या गॅलरीत एकटा बसून होता. वय २७. युनायटेडकडून तो पुन्हा खेळला नाही. त्या एप्रिलमध्ये क्लबही दुसऱ्या विभागात घसरला.

पुतण्या गावी जाताना पुन्हा म्हणाला, "उत्तर दिलं नाहीत."

म्हटलं, "प्लिमथविरुद्ध मी त्याला खेळवला असता. आणि सामन्यानंतर घरी जेवायला आणला असता."

"आणि सोमवारी तो सरावाला आला नसता," तो म्हणाला आणि एसटीत चढला.