विषाचें नांव आणि विषाचा अंक

वाशीम जिल्ह्यांतील मंगरूळपीर तालुक्यांत शेलूबाजार म्हणून गांव आहे. तेथला शेतकरी फवारणीचें औषध आणावयास दुकानांत जातो, तेव्हां तो बाटलीवरचें व्यापारी नांव सांगतो. एकाच द्रव्याचीं अशीं नांवें अनेक असतात. खरें नांव बहुधा बारीक अक्षरांत कोपऱ्यांत पडलेलें असतें. एरवीं त्याची कोणी फिकीर करीत नाहीं. परंतु २०१७ सालीं शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करितांना विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी व शेतमजूर दगावले. कित्येकांनीं दोन-तीन औषधें एकत्र मिसळलीं होतीं. अशा रोग्यापाशीं डॉक्टराचा पहिला प्रश्न असतो : औषध कोणतें? मोनोक्रोटोफॉस किंवा प्रोफेनोफॉस असेल, तर अ‍ॅट्रोपीन हा उतारा आहे. डायफेन्थियुरॉनवर असा विशिष्ट उतारा नाहीं.

नांवांचा हा घोळ रसायनशास्त्राला जुनाच आहे. बाइलस्टाइन ह्या रसायनज्ञानें १८८१ पासून सेंद्रिय द्रव्यांचा कोश छापावयास आरंभ केला, त्यांत सुमारें १५,००० द्रव्यें होतीं. पुढें १८९२ सालीं जिनीव्हा येथें नांवें पाडण्याचे नियम ठरले. नियम चांगले होते. पण त्यांतून निघालेलीं कांहीं नांवें इतकीं लांब, कीं उच्चारण्यापूर्वी श्वास भरून घ्यावा! १९०० सालीं अमेरिकेच्या पेटंट-कचेरींतील एडविन हिल ह्यानें सूत्रांचीच अनुक्रमणी सुचविली : आधीं कार्बन, मग हायड्रोजन, बाकीचीं मूलद्रव्यें वर्णानुक्रमानें. युक्ति नामी खरी. पण मद्यार्क आणि डायमिथिल ईथर ह्यांचें सूत्र एकच येतें, त्याला काय करावें?

१९०७ पासून 'केमिकल अ‍ॅब्स्ट्रॅक्ट्स' हा सारसंग्रह निघत होता. त्याच्या ओहायोंतील कोलंबस येथील कचेरीनें १९६५ सालीं नांवाचा नादच सोडला आणि प्रत्येक द्रव्याला एक अंक दिला. मोनोक्रोटोफॉसचा अंक ६९२३-२२-४. श्रोत्यांनीं कागद-पेन्सिल घ्यावी. शेवटचा ४ बाजूस ठेवा. उरलेले आंकडे उजवीकडून अनुक्रमें १, २, ३, ४, ५, ६ यांनीं गुणा : २, ४, ९, ८, ४५, ३६. बेरीज १०४, तिचा शेवटचा आंकडा ४, म्हणजे बाजूस ठेविलेलाच. टेलिफोनवर सांगतांना एखादा आंकडा चुकला, तर बहुधा येथेंच सांपडतो.

ह्या अंकावरून द्रव्याचा गुण मुळींच कळत नाहीं. वहींतली ती केवळ नोंद. पण नोंद मोठी काटेकोर. सायपरमेथ्रिन ५२३१५-०७-८, आणि त्याचाच अधिक तीव्र भाग अल्फा-सायपरमेथ्रिन ६७३७५-३०-८. सूत्र एक, नोंदी दोन. आज ह्या वहींत २० कोटींहून अधिक द्रव्यें आहेत.

मला एकच गोष्ट खटकते : वही एका संस्थेच्या मालकीची आहे. म्हणून २००५ सालीं प्रसिद्ध झालेली इंची ही पद्धति मला अधिक भावते. तींत रेणूच्या रचनेवरूनच ओळख-अक्षरें काढतां येतात. कोणाची परवानगी लागत नाहीं. अमेरिकन सरकारचा 'पबकेम' हा २००४ चा कोशहि सर्वांस मोफत खुला आहे. त्यांत व्यापारी नांवें, अंक आणि हीं अक्षरें एकाच द्रव्याखालीं सांपडतात. मात्र त्यांत शोधावयाचें तर बाटलीवरचें कांहींतरी वाचतां आलें पाहिजे. तेव्हां शेतांत कोणी घेरी येऊन पडला, तर त्याच्याबरोबर दवाखान्यांत बाटलीहि न्यावी. दोन औषधें मिसळलीं असतील, तर दोन्ही.