कागदाची मागची बाजू

माझी उभी नोकरी जिल्ह्याच्या अभिलेख कक्षात झाली. मोडी वाचता येते म्हणून निवृत्तीनंतरही लोक जुने कागद घेऊन घरी येतात. आपल्या पूर्वजाला इनाम कोणत्या राजाने दिले, एवढेच बहुतेकांना विचारायचे असते. मी मात्र कागद हातात आला की आधी तो उलटा करून बघतो. राजाचे नाव पुढे असते. ज्यांनी राज्य चालवले त्यांच्या खुणा शेवटी, कडेला आणि पाठीवर सापडतात.

शिवकाळातले एखादे आज्ञापत्र घ्या. मजकूर कारकुनाच्या बोरूचा. माथ्यावर राजमुद्रा. अखेरीस मर्यादेची छोटी मुद्रा, म्हणजे तिच्याखाली कुणी गुपचूप आणखी एक ओळ घुसवू नये. कागद लांब असेल तर बंदाला बंद चिकटवलेला आणि पाठीमागे जोडावर शिक्का. मधला बंद काढून दुसरा घालायचा म्हटले तर शिक्का फाटतो. कुठे ‘रुजू सुरनिवीस’ असा शेरा: सचिवाच्या दफ्तराने मजकूर ताडून पाहिला. कुठे ‘बार’: वहीत नोंद होऊन कागद मार्गी लागला. राजाचा शब्द झाला तरी चार हातांखालून गेल्याशिवाय गावच्या पाटलाने तो मानायचा नाही, अशी ही घडी होती.

अष्टप्रधानांची नावे आपल्याला शाळेपासून पाठ. रायगडावर 1674 साली राज्याभिषेक झाला तेव्हा मोरोपंत पिंगळे मुख्य प्रधान होते, अण्णाजी दत्तो सचिव, हंबीरराव मोहिते सेनापती. पण ज्याच्या फडातून रोजची पत्रे निघत तो चिटणीस बाळाजी आवजी या आठांत नव्हता. महाराजांनी सांगितलेले पत्र लिहायचे राहून गेले, तेव्हा बाळाजींनी कोरा कागद समोर धरून ते घडाघडा वाचून दाखवले, अशी कथा सांगतात. खरी असेल-नसेल, पण असल्या कथा कारकुनांविषयी सहसा रचल्या जात नाहीत, त्याअर्थी हा माणूस मोठाच असणार. त्याचा शेवट वाईट झाला. 1681 साली कटाच्या आरोपावरून संभाजी महाराजांनी अण्णाजी दत्तोंसह त्यालाही देहान्त दिला. आणि तरीही त्याचा मुलगा खंडो बल्लाळ पुढे राजाराम महाराजांबरोबर जिंजीपर्यंत गेला आणि चिटणिशी त्याच घराण्यात राहिली. मला हे शौर्याच्या अनेक कथांपेक्षा अवघड वाटते.

राजाच्या संसाराचा व्याप अठरा कारखाने आणि बारा महालांत वाटलेला असे. तोफखाना, दारूखाना, पीलखाना ही लढाईची खाती. जामदारखान्यात उंची वस्त्रे, अंबारखान्यात धान्य, शरबतखान्यात औषधी, फरासखान्यात तंबू, राहुट्या, बिछायती. पुण्यात फरासखाना म्हटले की आता पोलीस ठाणे आठवते. दफ्तरखाना याच यादीत, हत्ती-उंटांच्या पंक्तीला. माझ्या साहेबांनी आम्हाला तेवढी तरी प्रतिष्ठा द्यायला हवी होती.

खरी खुबी दरकदारांत, म्हणजे ठरावीक कामाचा हक्क असलेल्या अंमलदारांत आहे. दिवाण, मुजुमदार, फडणीस, सबनीस, कारखानीस, चिटणीस, जामदार, पोतनीस असे हे आठ. आजही टेलिफोनच्या जुन्या डिरेक्टरीत सगळे भेटतील. पेशवाईत परगण्यावर मामलेदार बदलून येई, पण दरकदार वतनी. त्याला काढायचा अधिकार मामलेदाराला नव्हता आणि त्याच्या खुणेशिवाय हिशेबही पुरा होत नसे. वरिष्ठाच्या चोरीवर कनिष्ठाचा पहारा. पहारेकरी फितूर होतच नसत असे मी म्हणणार नाही, पण आठ जणांना एकदम फितवायचे म्हणजे खर्च वाढतो.

पेशवे हे नावाने साताऱ्याच्या छत्रपतींचे प्रधान. पदाची वस्त्रे तिथूनच यायची. पण कारभार पुण्यात, आणि त्याचे काळीज हुजूर दफ्तर. त्याचे दोन भाग: फडणिसांच्या देखरेखीखालचे चालते दफ्तर आणि कायम पुण्यात राहणारे एकबेरीज दफ्तर. चालत्या दफ्तरात फड, बेहडा, सरंजाम अशा शाखा. फडातून सनदा आणि हुकूम सुटत, बेहड्यात परगण्यांचे हिशेब, सरंजामात सरदारांच्या जहागिरी. एकबेरीज दफ्तरात या साऱ्याचा गोषवारा. नाना फडणीस म्हणजे बाळाजी जनार्दन भानू. चौदाव्या वर्षी फडणिशी अंगावर आली. त्यांच्या काळी या दफ्तरात दोनशेच्या आसपास कारकून राबत होते.

या दफ्तराची परीक्षा 1774 साली झाली. आदल्या वर्षी नारायणराव पेशव्यांचा खून झालेला, आणि पुरंदरावर जन्मलेल्या सवाई माधवरावांना वस्त्रे मिळाली ती चाळीस दिवसांचे असताना. पाळण्यातला पेशवा काय हुकूम देणार? त्याच्या नावाने कारभार हाकणाऱ्या बारभाईंचे शहाणपण वाखाणले जाते, वाखाणावेच. पण वसुलीच्या वह्या, सरंजामाच्या याद्या आणि सनदांच्या नकला जागेवर नसत्या तर त्या शहाणपणाने सैन्याचा पगार भागला नसता. पुढे दुसऱ्या बाजीरावाने मामलती मक्त्याने दिल्या आणि दफ्तराकडे पाठ फिरवली. राज्य बुडायची कारणे पुष्कळ आहेत, पण माझ्या लेखी हे वरच्या तिनांत.

1818 नंतर दफ्तर इंग्रजांच्या हाती गेले आणि त्यांनी ते जपले. प्रेमाने नव्हे. 1852 च्या कायद्याने बळ मिळालेल्या इनाम कमिशनने याच वह्यांवरून इनामदारांचे हक्क तपासले, आणि ज्यांचा दाखला जुळला नाही त्यांची जमीन खालसा झाली. कारकुनांनी चोख ठेवलेली नोंद त्यांच्याच धन्याच्या माणसांवर उलटली. पुढे त्याच दफ्तराच्या गाठोड्यांतून गो. स. सरदेसायांनी 1930 पासून निवडक कागदांचे 45 खंड काढले. गाठोड्यांचा मोठा भाग मात्र अजून मोडीतच आहे.

नानांचे खासगी दफ्तर वाईजवळ मेणवलीच्या वाड्यात राहिले आणि पुढे द. ब. पारसनिसांच्या हाती आले म्हणून वाचले. वतनी पदांमुळे असे कागद घराघरांत आहेत. मध्यंतरी कुणबी नोंदी शोधताना सरकारला मोडी वाचणारे धुंडाळावे लागले, हे सर्वांनी पाहिले. तुमच्या माळ्यावर रुमालात बांधलेले गाठोडे असेल तर ते रद्दीत घालू नका, लॅमिनेटही करू नका. आधी मोडी जाणणाऱ्याला दाखवा, आणि फोटो काढाल तेव्हा कागदाच्या दोन्ही बाजूंचे काढा.