भारताचा संरक्षण खर्च व नियोजन (१९६२–६९)

संरक्षण खर्चाचे मोजमाप सामान्यतः अर्थसंकल्पातील तरतुदीवरून करतात. तथापि त्याच साधनसामग्रीतून जे कालवे, कारखाने वा शाळा उभारता आल्या असत्या, त्यांना मुकावे लागणे हाही त्या खर्चाचाच भाग होय. भारतात याचा ठळक प्रत्यय १९६२ नंतर आला.

तत्पूर्वी नियोजित विकासावर भर असल्याने संरक्षणावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे २ टक्के रक्कम खर्ची पडे. ऑक्टोबर १९६२ मधील चिनी आक्रमणाने ही स्थिती पालटली. नोव्हेंबरमध्ये यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री झाले. १९६३-६४ च्या अर्थसंकल्पात संरक्षणासाठी ८६७ कोटी रु. ठेवण्यात आले, ही रक्कम आदल्या वर्षीच्या मूळ तरतुदीच्या दुपटीहून अधिक होती. खर्चाचे राष्ट्रीय उत्पन्नाशी प्रमाण ४ टक्क्यांच्या आसपास गेले.

हा भार पेलण्यासाठी अर्थमंत्री मोरारजी देसाई यांनी १९६३ मध्ये अतिरिक्त नफा कर व सक्तीची ठेव योजना आणली. परकीय चलन वाचविण्याच्या हेतूने जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रण जारी होऊन १४ कॅरटपेक्षा अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडविण्यास मनाई झाली. परिणामी देशभरातील असंख्य सोनारांचा पिढीजात व्यवसाय बुडाला. सीमेवरील संकटाची किंमत अशा रीतीने सीमेपासून दूर असलेल्या कारागिरांनाही मोजावी लागली.

खर्चाची दुसरी बाजूही ध्यानात घ्यावयास हवी. नासिकजवळ ओझर येथे मिग विमानांचा कारखाना निघाला (१९६४) व त्यातून रोजगार आणि तांत्रिक कौशल्य वाढले.

१९६५ चे पाकिस्तानशी युद्ध, त्यामुळे खंडित झालेली अमेरिकन मदत आणि लागोपाठ दोन वर्षांचे अवर्षण यांनी अर्थव्यवस्था खिळखिळी झाली. ६ जून १९६६ रोजी रुपयाचे अवमूल्यन होऊन डॉलरचा दर ४·७६ वरून ७·५० रु. झाला. चौथी पंचवार्षिक योजना लांबणीवर पडली. १९६६–६९ या काळात वार्षिक योजनांवरच भागवावे लागले.

या पीछेहाटीचे सर्व खापर संरक्षण खर्चावर फोडता येत नाही; अवर्षणाचा वाटा मोठाच होता. मात्र १९६२ पूर्वीची काटकसर अखेरीस महागात पडली, हेही तितकेच खरे. टाळलेला खर्च संकटकाळी एकदम करावा लागल्यास त्याचा ताण नियोजनाला सोसवत नाही, हा या काळाचा धडा होय.